एफीची लेक

६ मे १९२४

आलो एकदाचे! बोटीतून उतरल्यापासून बुटांना लाल माती चिकटली आहे आणि ती झटकावीशीही वाटत नाही. माझ्या आईचं बेट हे. मला बोस्टनला मावशीनं वाढवलं, पण आई, एफी, इथलीच. मी चार वर्षांची असताना तापानं गेली. म्हणून तर माझ्या नवऱ्याला, नीलला, कातड्यांसाठी कोल्हे पाळणाऱ्या मॅक्रेसाहेबांच्या वाडीवर काम मिळतंय म्हटल्यावर मीच त्याच्या मागे लागले. घर लहान आहे, पण चुलीपाशी उभं राहिलं की खाडी दिसते. वाडीवर गावचीच म्हातारी पेगमावशी आहे, तिच्या हाताखाली मी कोल्ह्यांचं खाणं शिजवायचं. मला पाहून ती हातातला डाव तसाच धरून उभी राहिली, मग चहाचं विचारलं. पोटातल्या बाळाचं मात्र तिनं लगेच ओळखलं. पहिल्या सवडीला आईच्या थडग्यावर फुलं वाहायची.

१५ मे

लाल कोल्ह्यांच्या जोडीला एक काळंभोर पिल्लू झालं. नील म्हणाला, शेजारच्या पिंजऱ्यातल्यानं कुंपण ओलांडलं वाटतं. साहेब खूप हसले. मग त्यांनी समजावलं: पिल्लू रंगाचा एक वाटा बापाकडून घेतं, एक आईकडून. लाल वरचढ, काळा त्याच्याखाली दडून राहतो. दोघांतही तो दडलेला असला, तर चारांत एखादं असं निघतं. पिढ्यानपिढ्या वाट बघतो म्हणे रंग!

कडेच्या पिंजऱ्यात एक देखणी कोल्हीण आहे. तिच्या मानेला सारखे झटके बसतात. साहेब म्हणाले, हे दुखणं दडत नाही. एकाच बाजूनं आलं तरी पुरतं. प्रत्येक पिल्लाच्या वेळी नाणं उडवल्यासारखं. हिवाळ्यात तिचं आणि तिच्या सगळ्या पिल्लांचं कातडं काढणार. नीलला ते पटलं. मलाही पटलं.

१ जून

चर्चच्या आवारातला एकेक दगड वाचला. आई कुठेच नाही. विचारलं की लोक हवापाण्यावर बोलतात. प्रार्थनेला माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. बाहेर पडताना मागच्या बायका गप्प झाल्या. त्या माझी चाल बघत होत्या.

१३ जून

पेगमावशीनं आज सांगितलं. आई मेलेली नाही. तिचे हातपाय आपोआप उडतात, जीभ वळत नाही, बुद्धी विझत चालली आहे. आजीचं तेच झालं होतं, मामाचंही. गाव त्यांना 'नाचरे' म्हणतं. बोस्टनच्या मावशीनं मला उचलून दूर नेलं, ते लोकांच्या नजरेपासून.

मी विचारलं, मी आईसारखी दिसते म्हणून सगळे बघतात का.

"दिसतेस गं, हुबेहूब," ती म्हणाली. "पण तोंडावळा येणं वेगळं आणि ते येणं वेगळं. तुझ्या आजीचा थोरला भाऊ त्यांच्या नाचऱ्या बापाचं दुसरं रूप होता. म्हातारा होऊन धडधाकट गेला, त्याची पोरंही धडधाकट. धाकटा मात्र..."

ती मला धीर द्यायला बोलत होती. मला ती झटके बसणारी कोल्हीण आठवली, आणि ते नाणं.

२१ जून

आईला ठेवलंय त्या गरिबांच्या आश्रमात गेले. नीलनं गाडी हाकली. त्याला सांगितलं, चर्चकडून एका आजारी बाईला भेटायचंय. आई खिडकीशी होती. खांदे, बोटं, भुवया, कशालाच स्वस्थता नाही. डोळे माझे.

तिनं मला पाहिलं आणि फार कष्टानं म्हणाली, "फ्लो."

मला घरात फ्लोच म्हणायचे. तिथल्या बाईनं विचारलं, तुम्ही हिच्या कोण? नील दारात उभा होता.

"कुणी नाही," मी म्हटलं.

"ही सगळ्यांनाच फ्लो म्हणते," बाई हसून म्हणाली.

आईचा हात माझ्याकडे येत होता, भलतीकडेच जात होता, पुन्हा येत होता. मी माझा हात झग्याच्या घडीत लपवला.

२२ जून

लाज वाटते. जेवण जात नाही.

३० जून

एकटी गेले. तिच्या पायाशी बसून म्हटलं, आई, मीच फ्लो. तिनं ओळखलं नाही. भिंतीकडे बघून फ्लो म्हणाली.

२ जुलै

नीलला सगळं सांगितलं. त्यानं मला जवळ घेतलं.  मग म्हणाला, "आधी माहीत होतं तुला?" नव्हतं. त्यानं मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

९ जुलै

जेवताना तो माझ्या हातांकडे बघतो. पिंजऱ्यापाशी बघतो तसा.

११ जुलै

कप फुटला. बशी ओली होती. ओलीच होती— त्यानं तुकडे उचलले, बशी बोटानं चाचपून पाहिली.

१५ जुलै

पोटात बाळ हललं. पहिल्यांदाच. आनंद व्हायला हवा— मला वाटलं, का हललं?

हे लिहून ठेवलं. ह्याचीही लाज—

१९ जुलै

आज त्यानं लाकडी जमिनीतली एक लांब फळी दाखवली आणि म्हणाला, हिच्यावरून जरा चालून दाखव ना. प्रेमानंच म्हणाला. मी नाही म्हणायला हवं होतं. चालले. हात पोटावर, नजर समोर. तो भिंतीला टेकून उभा. शेवटच्या पावलाला— घाबरले होते, म्हणून असेल. कुणाचाही पडतो तसा पाय फळीबाहेर पडला. तो टोपी घालून बाहेर गेला, साहेबांच्या घराकडे. आता दोघांचे आवाज अंगणात, आणि मी उठून सरळ उभं राहायला हवं, ते आत यायच्या आत मला सरळ—