आई वटवाघळं बघायला गेली

मुकोपे गाव,
४ नोव्हेंबर

लाडक्या चिलुफ्या,

आधी हे सांग, सकाळी नीट उठता ना सगळे? तुझे यजमान, लेक चोला, तू? आम्ही दोघी उठतो. आई माझ्याआधी उठते आणि मी अजून का लोळतेय म्हणून कोंबड्यांपाशी माझी तक्रार करते.

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरनं कॅम्पवर, माझ्या भटारखान्यात आणून दिलं. फोन करत नाही म्हणून रागावलीस. अगं, रेंज मिळते ती त्या मोठ्या वारुळावर चढलं की. मी चढले की आई मागोमाग येऊन वारुळाच्या पायथ्याशी बसते आणि शेंगा सोलायला घेते. कान तर असे तिखट, की तू तिकडं सुस्कारा टाकलास तरी 'काय झालं तिला?' म्हणून विचारेल. तिच्याविषयी तिच्यादेखत काय बोलू? म्हणून पत्रच बरं.

वटवाघळं आली आहेत. दलदलीतल्या जंगलात बसायला फांदी उरली नाही. कॅम्प पाहुण्यांनी भरलाय आणि मी दिवसभर भटारखान्यात उभी. पाय दुखतात, पण हंगाम आहे तोवर तक्रार करायची नाही. आईचं मात्र दरवर्षीचं रडगाणं सुरू झालंय. मासुकूची फळं पिकायला आणि ही मेली यायला एकच गाठ पडते. आपण टोपली घेऊन जावं तर झाडाखाली नुसत्या साली. 'आमचं खाऊन जातात, आणि त्यांना बघायला लोक विमानानं येतात,' असं म्हणून ती जंगलाच्या दिशेनं थुंकते.

आता तुझ्या मुद्द्याचं. शेजारच्या मुलेंगाच्या आईनं तुला तिकडं कित्वेच्या बाजारात गाठून कानात काय काय भरवलं ते कळलं. म्हणे, आई रिकाम्या खुर्चीसमोर, पाहुण्याला करतात तसं गुडघे टेकून, टाळ्या वाजवून, 'या, बरं चाललंय ना?' म्हणत होती. खुर्चीवर माझं जाकीट होतं आणि संध्याकाळ झाली होती. कुणीही फसलं असतं. त्या बाईला दुसऱ्याच्या अंगणात डोकावल्याशिवाय अन्न पचत नाही.

तू लिहितेस की डिसेंबरात येते, आईला नेते, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवते, आणि मग ती माझ्याकडेच राहील. 'माझ्याकडेच राहील' हे किती सहज लिहून गेलीस. इथं ती कुणाकडे राहतेय, वाऱ्यावर? माझा नवरा गेला, मला मूल नाही, म्हणून माझं घर हे घर नाही असं तर तुला म्हणायचं नाही ना? रागावले नाहीये. फक्त विचारलं.

आईला दिसतं. शेंगा सोलते, पाण्याला जाते, चूल पेटवते. सुई मी ओवून देते, पण सुई काय, हल्ली मलाही चाचपडावी लागते.

तुझं पत्र तिला वाचून दाखवावंच लागलं. ऐकून शेंगांचं टोपलं बाजूला सारलं. मग म्हणाली, 'तिला लिही, या महिन्यात कॅम्पवाले एक दिवस गावकऱ्यांना फुकट नेतात ना, त्या दिवशी मी वटवाघळं बघायला जाणार. उंच मचाणावर चढून. आंधळी बाई वटवाघळं बघायला जाते का, विचार तिला.'

विचारते आहे.

तुझी थोरली,
कासुबा

~

मुकोपे,
१९ नोव्हेंबर

चिलुफ्या,

उठलीस का नीट, पोरगी कशी आहे, हे सगळं विचारल्याचं समज. आज ते विचारत बसले तर जे लिहायचंय ते राहून जाईल.

आई वटवाघळं बघून आली. म्हणजे जाऊन आली. सांगते.

सकाळपासून थाट चालला होता. तू पाठवलेला निळा चितेंगे कमरेला गुंडाळला, त्यातल्याच तुकड्याचा डोक्याला रुमाल. मयताला जाताना नेते ती मोठी पिशवी काढली आणि तिच्यात उकडलेली रताळी भरली. म्हटलं, 'आई, जाऊन लगेच यायचंय.' तर म्हणाली, 'इतक्या लांबून येतात ते लोक, ते काय उपाशी बघतात?' मी भटारखान्यात माझ्या जागी मुलेंगाच्या आईला उभं केलं. आईबरोबर कुणीतरी हवं होतं.

गाडीवर वाटाड्या कोण, तर मुसोले. तो बिबट्याच्या कुळातला, आपण शेळीच्या, म्हणजे जन्माची थट्टा. मग काय, गाडी सुरू व्हायच्या आधीच सुरू झाला.

'वा,' म्हणाला, 'आज बिबट्याला शिकारीला जायला नको. शेळी आपल्या पायांनी गाडीत चढतेय.'

'चढते बाबा,' आई म्हणाली. 'तुझ्या तोंडात दात नाहीत हे ऐकून होते, म्हणूनच चढते.'

'दात नसले तरी चघळता येतं. मांस जून आहे, वेळ लागेल एवढंच.'

गाडीत सगळे हसले. दोन म्हातारे गोरे पाहुणे होते, नवराबायको, त्यांना काही कळलं नाही, पण तेही हसले. मलाही बरं वाटलं. वाटलं, हसतखेळत वेळ निघून जाईल.

मचाण फार उंच आहे गं. सरळ उभी शिडी. आई चढली, एक पाय ठेवून दुसऱ्या पायानं पुढची पायरी शोधत. मी खालून तिच्या टाचा बघत होते. चढून गेल्यावर तिनं फळ्यांवर हात फिरवून बसायला जागा केली, मावळतीच्या उजेडाकडं तोंड केलं आणि मांडीवर पिशवी घेतली. दुसऱ्या बाजूला सगळं जंगल. मावळतीचं ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं, खाली पाण्यात सावली पडली होती, आणि त्या सावलीतून कलकल येत होती, जत्रेतली सगळी पोरं एकदम भांडायला लागली तर होईल तशी. पिकल्या उंबरांचा आंबूस वास येत होता. 

मग जंगलाच्या माथ्यावर काहीतरी हललं आणि कुणीतरी 'आली' म्हणून कुजबुजलं. आई लगेच म्हणाली, 'बघा, बघा. केवढी ही!' आणि तिनं हात लांब करून दाखवलं. तिचा हात मावळतीकडं होता. तिथं नुसतं आकाश होतं, लाल, रिकामं. वटवाघळं तिच्या पाठीमागून उठत होती.

गोऱ्या बाईनं हळूच माझ्याकडं पाहिलं. मी फळीकडं बघायला लागले. गावातल्या लोकांनीही पाहिलं असणार, पण कुणी चकार शब्द काढला नाही. लेकीनं तर काढायचाच नसतो. मग मुसोले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला,

'अगं म्हाताऱ्या शेळे, वटवाघळं मागं आहेत. तू त्या ढगाला काय दाखवतेस? डोळे कुठं गहाण ठेवून आलीस?'

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं. पण रागावणार कसं? बिबट्यानं शेळीला काहीही बोलावं, मयताच्या अंगणातसुद्धा बोलावं, आणि शेळीनं हसावं हीच रीत. रागावलं तर आपणच हलके ठरतो. दुसऱ्या कुणाला जे बोलता येत नाही ते त्यांनी बोलायचं असतं. आणि त्याचा चेहरा मी पाहिला, तो मुळीच थट्टा करत नव्हता.

आईचा हात तसाच वर राहिला. मग तिनं तो खाली घेतला आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. रुमालाच्या टोकानं पुसत म्हणाली, 'मेल्या बिबट्या, शेवटी धरलास मला. नाही रे दिसत. उजेड तेवढा दिसतो. माणूस दिसत नाही. कासुबा दिसत नाही.'

चिलुफ्या, मला ठाऊक होतं. तिनं पाण्याला जावं म्हणून मी रात्री कामावरून आल्यावर वाटेतले दगड वेचून बाजूला टाकायची. घागर, काड्यापेटी, मिठाचं भांडं, सगळं रोज जिथल्या तिथं. आणि याहून वाईट, दवाखान्यातल्या नर्सनं गेल्या थंडीतच सांगितलं होतं की हा मोतीबिंदू आहे, शहरात काढतात, पुन्हा दिसतं. ते मी तुला लिहिलं नाही. कळवलं तर तू तिला नेशील आणि ती परत यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात. तिला दिसेल, हे डोक्यात आलंच नाही. आलं असेल, पण मी ते येऊ दिलं नाही.

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, 'वाटेतले दगड कोण उचलतं ते मला कळत नाही होय? सगळी हयात त्या वाटेला ठेचा खाल्ल्या, आणि आता एकदम वाट शहाणी झाली?' मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'मी गेले तर तू कुणाशी भांडशील? म्हणून म्हणत होते, दिसतं.'

म्हणजे ती मला सांभाळत होती आणि मी तिला. दोघी एकमेकींना फसवत एका चुलीपाशी बसत होतो.

'आता बस झालं,' ती म्हणाली. 'इतक्या वर चढलेय. सांग काय दिसतंय.'

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मीही कधी बघितलं नव्हतं. वटवाघळं उठतात तेव्हा मी पाहुण्यांच्या रात्रीच्या रश्श्यात मीठ टाकत असते. इतक्या हंगामांत एकदाही बाहेर येऊन मान वर केली नाही. मी आईला धरून जंगलाकडं वळवलं आणि बोलायला लागले.

म्हटलं, आई, सूप हलवल्यावर कोंडा उडतो ना, तशी ती जंगलातून वर येताहेत. थांबतच नाहीत. आधी एका जागेवरून येत होती, आता सगळ्या जंगलातून. आकाश भरत चाललंय. आपल्या डोक्यावरून जाताहेत, अगदी संथ, कुणाला घाई नाही. पंखांतून उजेड आरपार दिसतोय, कांद्याच्या सालीतून दिसतो तसा. अंगावर पिवळी लव आहे.

'मोठी आहेत?'

म्हटलं, पंख पसरले की चोलाच्या दोन हातांएवढी.

'तोंड कसं आहे?'

'कुत्र्याच्या पिल्लासारखं.'

'मग चोर का म्हणत होते मी त्यांना,' आई म्हणाली. 'पिल्लं आहेत ती. भुकेली असतील.'

मी सांगत राहिले. किती वेळ, कोण जाणे. आई तोंड वर करून बसली होती, ओठ थोडे उघडे. त्यांच्या पंखांचा वारा आमच्यापर्यंत येत होता असं मला वाटलं, तिलाही वाटलं. ऊन गेलं तरी वटवाघळं दिसत होती, मग अंधारात नुसती हालचाल कळत होती, मग तीही कळेना. तरी मी बोलतच होते, आणि आता मी बघून सांगत होते की आठवून, हे माझं मलाच कळत नव्हतं. चिलुफ्या, माझ्या आयुष्यात इतकी शांत मी कधीच नव्हते. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही.

गोऱ्या म्हाताऱ्यानं मुसोलेला विचारलं, आजी काय म्हणत होत्या. तो म्हणाला, 'म्हणतात, सगळी मोजून झाली, दोन कमी आहेत.' म्हातारा बिचारा गंभीर झाला.

उतरताना मुसोले आईच्या खालच्या पायरीवर राहिला आणि तिचा एकेक पाय हातानं उचलून नीट ठेवत गेला. तोंडानं शिव्या चालूच होत्या. खाली आल्यावर आईनं पिशवीतली सगळी रताळी त्याला दिली.

तू ये. तिला घेऊन जा.

कासुबा

~

मुकोपे,
२ डिसेंबर

चिलुफ्या,

तू शनिवारच्या बसनं येतेस हे कळलं. आईचं सामान बांधून झालंय. तिनं तीनदा सोडून पाहिलं, मी तीनदा बांधलं. कित्वेला जाऊन काय काय बघायचं ते ती रोज ठरवते. काल म्हणाली, 'आधी चोलाचं तोंड, मग तुझ्या बहिणीचा नवरा, फोटोत होता तसाच आहे की फुगला ते.' तुझ्या यजमानांना सांगून ठेव.

तिला मासळीचे काटे काढून दे. आंघोळीचं पाणी फार गरम नको. रात्री उठली तर हात धरू नकोस, नुसती शेजारी चाल, हात धरलेला तिला खपत नाही.

नंतर ती कुठं राहील हे मी विचारणार नाही. दिसायला लागल्यावर तिचं तिला ठरवू दे. माझ्याकडं यावी असं मला वाटतं. फार वाटतं. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं, तिच्या कानावर घालू नकोस.

एक काम मात्र कर. बस सुटेल तेव्हा मी रस्त्यावर उभी राहून हात हलवणार. तिला ते दिसायचं नाही. तू खिडकीशी बस आणि तिला सांग, कासुबा हात हलवतेय, अजून हलवतेय. वळणापर्यंत सांगत राहा. मी रडत असले तर तेवढं गाळ.

तुमची दोघींची,
कासुबा