उपाशी वाकळ

वडगाव, बेळगाव
१९ जानेवारी २०२५

ती. नागुआक्कास,
धाकट्या सोनाचा पाया पडून नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत न्हाय, आणि मी ओरडले की शेजाऱ्यांना वाटतं भांडण लागलं. म्हणून लिहिते. तुझ्या नीलमकडून वाचून घे. नातीला तेवढं काम सांगायला हरकत न्हाय. गुडघ्याला तेल लावतेस का? इकडं सगळं बरं आहे. माझा सौरव बेंगळूरला मजेत. माझं घर भरलेलं असतं, काळजी करू नको.

भरलेलं म्हणजे कसं ते सांगते. रक्षा म्हणून एक पोरगी आहे, चित्रकलेच्या कॉलेजात शिकवते. तिनं ठरवलं, गल्लीतल्या प्रत्येक घरानं एक कापड द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून एक मोठी वाकळ शिवायची. मराठी, कानडी, उर्दू, ज्याचं नाव त्याच्या अक्षरात. बसायला जागा कुणाची? माझी! ह्यांच्या माघारी सौरवनं माग विकले, तेव्हापासून खोली रिकामीच की. आपल्या मागावरच्या शेवटच्या साडीचा पदर मी दिला.

लई मजा आली बघ. पहिल्याच दिवशी कानडी वर का मराठी वर यावरून जुंपली. शेवटी समोरच्या घरातली शकीला म्हणाली, "गोल लिहा गं बायांनो, मग कोण वर न् कोण खाली!" तसंच केलं. दुपार झाली की सगळ्या हजर. चहा करून करून हात दुखायचा, पण बरं वाटायचं.

आता पुढचं वाचताना नीलमला दार लावून घ्यायला सांग, ती तुझ्यासाठी ओरडून वाचणार.

वाकळ संपत आली तशी मी एक चोरी करायला लागले. सगळ्या घरी गेल्या की मी थोडे टाके उसवायची. मग दुसऱ्या दिवशी परत तेच शिवायचं. रक्षा बिचारी दोऱ्याला नावं ठेवायची. शेजारच्या गंगव्वानं मात्र ओळखलं. मला वाटलं, झाली आता चारचौघींत माझी शोभा. तर ती कानाशी येऊन म्हणाली, "सोनाक्का, उसवायचं तर माझं उसव. शकीलाला दिसत न्हाय गं, परत शिवताना लई त्रास होतोय तिला."

मला रडूच फुटलं. त्यानंतर न्हाय उसवलं. शेवटच्या कोपऱ्यात, आई करायची तसा, पोळीचा तुकडा घातला, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. गंगव्वानं आणि मी मिळून तोंड शिवलं.

आता ती एका मोठ्या हॉलमध्ये भिंतीवर टांगलीय. बघायला गेलते. हात लावला तर शिपाई म्हणाला, "आज्जी, लांबून बघा." वाकळ ही काय लांबून बघायची वस्तू आहे व्हय गं? गंगव्वा लेकीच्या बाळंतपणाला धारवाडला गेली. बाकीच्या रस्त्यात भेटतात, हसतात, कामाला जातात. दुपारी मी त्या खोलीत जाऊन बसते. "आई, इकडं ये," असं सौरव म्हणाला होता. एकदाच म्हणाला.

घर भरलेलं न्हाय, आक्का. वर खोटं लिहिलंय. राहू दे, खोडत न्हाय.

उरलेल्या तुकड्यांची एक वाकळ शिवलीय, दोघींच्या अंगावर येईल एवढी. एक कोपरा उघडा ठेवलाय. तोंड एकटीनं शिवायचं न्हाय, असं आई सांगायची, आठवतं ना? चिकोडीपर्यंत आलीस की बेळगावची गाडी मिळते, नीलम बसवून देईल. पोळी मी करून ठेवते.

ये गं. वाकळ उपाशी आहे.

तुझी,
सोना