पिवळा स्वेटर

३ डिसेंबर
नागपूर मला मानवणार! नंदनवनच्या पुढच्या वस्तीत खोली मिळाली. खिडकीतून कचऱ्याचा डोंगर दिसतो आणि त्यामागे आमचा नवाकोरा प्रकल्प. कचरा जाळून वीज करायची, आणि त्यासाठी वस्तीला राजी करायचं हे माझं काम. घरमालकीण रुखमाबाई जुन्या विणकर घरातल्या. त्यांनी आल्याआल्या झुणका-भाकर वाढली आणि सही मिळणार नाही, हेही तोंडावर सांगून टाकलं. मला हसू आलं.

७ डिसेंबर
धुराची भीती असेल म्हणून चिमणीचे तक्ते घेऊन दारोदार फिरलो. भीती वेगळीच निघाली. इथे माणूस गेलं की त्याचे कपडे, अंथरूण त्या डोंगराच्या कडेला ठेवून येतात. सगळ्यांचं तिथंच आहे.
"माणूस एकदा जाळलं ना गा," रुखमाबाई म्हणाल्या. "आता त्याले दुसऱ्यांदा काहून जाळता?"
मी तक्ते गुंडाळून खोलीवर परतलो.

११ डिसेंबर
रुखमाबाईंच्या प्रश्नाला आज उत्तर दिलं. सभेत माझी ट्रंक उघडली. माझी लेक चिन्मयी दोन वर्षांपूर्वी तापानं गेली, सहा वर्षांची होती. शेवटी अंगात पिवळा स्वेटर होता आणि ती 'काढ ना' म्हणत होती. थंडी भरेल म्हणून मी काढला नाही. तो स्वेटर सगळ्यांना दाखवला. म्हटलं, पहिल्या खेपेत हा जाईल, कपड्यांत कुणी नसतं. बाया रडल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या सह्या झाल्या, रुखमाबाईंचीसुद्धा. साहेब खूश. मी रिकाम्या ट्रंकेशी बसून पोटभर रडलो.

१८ डिसेंबर
भट्टी पेटली. दुपारी ताराचंदच्या घरात त्याच्या मेलेल्या बापाच्या तंबाखूचा वास. रुखमाबाईंचा माग नवरा वारल्यावरच विकला, तरी मागच्या खोलीत धोट्याचा आवाज.
"मालक आले," त्या म्हणाल्या. "अंग भाजून राहिलं म्हणतात."

२० डिसेंबर
साहेबांना म्हटलं, बंद करा. त्यांनी माझ्यापुढे सह्यांचा कागद धरला. वस्तीत कुणी माझ्याशी बोलत नाही. कोणत्या तोंडानं मी तरी बोलू —

२१ डिसेंबर
दारावर राखेचे पंजे. लहान. माझ्या कमरेइतक्या उंचीवर — अजून गरम —

२२ डिसेंबर
कुणीतरी खोकतंय. तापात चिन्मयी खोकायची, तसंच. पाणी ठेवलं. पेल्यात राख —

२३ डिसेंबर
भर दुपारी दारात उभी. स्वेटर अंगात.
"बाबा, काढ ना."
काढतो, बाळा. बटणांचे चटके — दोन निघाली — तिसरं