उत्तरेच्या भिंतीचा गिलावा

मी, झुहरा मुयकानोविच, दिवंगत रामिझ यांची पत्नी, राहणार ओराश्ये, तेशान्यजवळ, बोस्निया. डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते.

कलम १. माझ्या पश्चात घर मुलगी सेविला हिचे. मुलगा आदेम ऑस्ट्रियात लिंझला स्थायिक आहे. त्याच्यासाठी वर मजला चढवायचा म्हणून रामिझने छतावर सळया उघड्या सोडल्या होत्या. त्या गंजल्या, तो परतला नाही. राग नाही. वडिलांची गवंडीकामाची थापी आणि ओळंबा त्याने न्यावा. वापरणार नाही, तरी न्यावा.

कलम २. बँकेतली शिल्लक बाहेरच्या गिलाव्यासाठीच. सेविलाने त्यातून नवे स्वयंपाकघर करू नये. रामिझ म्हणायचा, बाहेरचा देखावा लोकांसाठी, आपण आत राहतो. आम्ही आत राहिलो आणि उघड्या पोकळ विटांतून पाऊसही आत राहायला आला. तो गेल्यावर मी तीन बाजू करून घेतल्या. उत्तरेची राहिली, कारण परांची दीर हकियाच्या आलुबुखाराच्या बागेत रोवावी लागते आणि तो पाऊल ठेवू देत नव्हता. त्या बाजूच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आहे; माझा खोकला तिथलाच. हे लिहितानाही दोनदा उठून भिंतीला हात लावून आले. ओलीच आहे.

कलम ३. हकियाला माझ्या मयतीला बोलावू नये.
हे काल लिहिले होते, आज रद्द करते. लिहून झाल्यावर जीव थाऱ्यावर राहीना, तशीच सपाता घालून त्याच्याकडे गेले. तो झाडे छाटत होता.

"भावजी, माझ्या माघारी सेविला त्या ओलीत राहणार. परांचीपुरती जागा द्या."

त्याने कात्री खाली ठेवली नाही. "वहिनी, तुमच्या छपराच्या पागोळ्या माझ्या झाडांच्या मुळाशी पडतात. दादाला एवढंच म्हटलं होतं, पन्हळ लाव. तो म्हणाला, तू मला घर बांधायला शिकवतोस? मग मीही हटून बसलो."

पन्हळीचे मला दोघांपैकी कोणीच कधी सांगितले नव्हते. आधी पन्हळच लावते म्हटले. तेव्हा कुठे त्याने कात्री खाली ठेवली.

"लावा परांची. पण पुढच्या भिंतीसारखा पिवळा रंग नको. ती भिंत तुम्हाला कुठे दिसते? रोज कॉफी पिताना मला बघायचीय."

घरी येऊन बसले, उठले, पुन्हा बसले.

कलम ४. आधी पन्हळ. मग उन्हात भिंत पूर्ण वाळू द्यावी, सांधे भरावेत, जाळी ठोकून गिलाव्याचे दोन हात द्यावेत. ओल्या भिंतीवर रंग फासणाऱ्या गवंड्याला हाकलावे. परांचीने मोडलेली बाग नीट करून द्यावी. जगले तर मीच करून घेईन. उन्हाळ्यापर्यंत दम धरवत नाही.

कलम ५. उत्तरेच्या भिंतीचा रंग हकिया ठरवेल. तो कोणताही असो, सेविलाने हरकत घेऊ नये.

वरील मजकूर वाचून पाहिला, माझाच आहे.

सही: झुहरा मुयकानोविच
साक्षीदार: १. मेलिहा सुल्यिच, शेजारीण
२. हकिया मुयकानोविच, दीर
ओराश्ये, ९ मार्च २०१९