तुम्ही दिलेली नी-कॅप

सर,

तुम्ही गेलात तेव्हा मी मातीला आले नव्हते. गुडघा दुखतोय, प्रवास जमणार नाही, असं मी गोव्याहून कळवलं होतं. तुमच्या घरी सगळ्यांना ते पटलं, काहींनी हळहळ केली म्हणे. गुडघा तेव्हा ठणठणीत होता. दुसऱ्याच दिवशी मी क्लबसाठी फुटबॉलची पूर्ण मॅच खेळले आणि गोलही मारला. इतरांचं सोडा, पण तुम्ही तरी राग मानायचं कारण नाही. गुडघ्याचं निमित्त कसं चालवायचं हे मी तुमच्याकडूनच शिकले.

आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले, कारण मागच्या महिन्यात तुमची नात अमरावतीला माझ्यासमोर उभी होती. राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडायच्या होत्या आणि आपल्या भागातून कोण जाणार हे ठरवणं आता माझं काम आहे. मी नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि आडनाव ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चांगला आनंद नव्हता तो. करावे तसे भरावे म्हणतात. करून तुम्ही गेलात आणि भरायला नात आली, असंच वाटलं मला.

तुम्हाला याच शिबिरासाठीची ती आमची ट्रायल आठवते का? मला बसची सीटसुद्धा आठवते. थंडीचे दिवस आहेत, अकोल्याहून पहाटेची एसटी निघाली आहे, आम्ही पोरी एकमेकींना चिकटून बसलो आहोत आणि बुटांच्या पिशव्या मांडीवर आहेत. मूर्तिजापूर मागे पडल्यावर तुम्ही मला पुढे बोलावता आणि पिशवीतून कोरी निळी नी-कॅप काढून माझ्या हातात देता. "घाल उजव्या गुडघ्याले. थंडी हाय. गुडघा जपला त खेळ जपला." मी विचारते, "मले एकटीलेच काहून, सर?" तुम्ही हसता. "तू माही दहा नंबर हायेस ना वं." आमच्या टीममध्ये सगळ्यांना सारखे मोजेही नव्हते, आणि मला नी-कॅप! बाकीच्या पोरी वळून वळून बघत होत्या. अमरावतीच्या मैदानावर उतरताना मी चड्डी मुद्दाम वर सरकवली, सगळ्यांना ती नीट दिसावी म्हणून.

दिसलीच. निवड करणाऱ्यांमध्ये एक उंच बाई होत्या. त्या माझ्याकडे आल्या, खाली वाकल्या, गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "दुखतंय?" मी म्हटलं, "नाही मॅडम, एकदम ठीक." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. जेमतेम दहा मिनिटं खेळवलं आणि मला बाहेर बसवलं. माझ्याहून कच्च्या पोरी दिवसभर खेळल्या. मी रेषेबाहेर बसून गवत उपटत राहिले आणि माझं काय चुकलं ते शोधत राहिले.

परतीच्या बसमध्ये मी रडत होते. तुम्ही शेजारी येऊन बसलात. मला वाटलं, समजूत घालाल. तुम्ही म्हणालात, "दहा मिन्टात बाई तुले बाहेर काढते, म्हणजे काय समजाचं? तुह्यात दम नाई अजून. धापा टाकून राहिली होती तू." सगळ्या पोरींनी ऐकलं. मग ज्या आठवड्यात शिबिर चालू होतं त्याच आठवड्यात आपल्या शाळेची फायनल झाली. दम नसलेल्या पोरीनं दोन गोल केले आणि तुमच्या हातात कप आला. हेडमास्तरांच्या खोलीत तो अजून आहे. त्या दिवशीच्या फोटोत तुम्ही कप धरला आहे, तुमचा दुसरा हात माझ्या डोक्यावर आहे, आणि माझ्या गुडघ्यावर ती निळी नी-कॅप.

आई ती नी-कॅप हातानं धुवायची. आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोरी बांधली होती, तिच्यावर बाबांचा कापसाच्या जिनिंगमधल्या कामाचा शर्ट आणि शेजारी नी-कॅप वाळत असायची. भाकर थापता थापता आई म्हणायची, "देवमाणूस हायेत वं तुहे सर. लेकरायच्या गुडघ्याचीबी फिकर करतेत." मी मान डोलवायचे. आणि रोज सकाळी दम वाढवायला पळायचे. उन्हाळ्यात त्या काळ्या मातीला अशा भेगा पडायच्या की पाय आत गेला तर घोटाच मुरगळायचा. पावसाळ्यात तीच माती किलोकिलोनं बुटाला चिकटायची. तरी मी पळायचे. तुमचा शब्द माझ्यासाठी ब्रह्मवाक्य होता. पुन्हा कुणी मला पाहावं म्हणून दोन वर्षं घासावी लागली. ज्या वयात पायाला नवं काही चटकन चढतं, त्या वयातली ती दोन वर्षं. क्लबात गेल्यावर कळलं, बाकीच्या मुलींना जे झोपेत यायचं ते मला मोजूनमापून करावं लागायचं.

गोव्याच्या त्या क्लबात पहिल्याच दिवशी त्या उंच बाई भेटल्या. आता त्या तिथे कोच होत्या. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तू ती अकोल्याची ना? तुझा गुडघा बरा कसा झाला गं?" मी विचारलं, कुठला गुडघा? मग त्यांनी सांगितलं. तुम्ही ट्रायलच्या आधी त्यांना बाजूला घेतलं होतं. पोरीच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलंय, डॉक्टरांनी बंदी घातली आहे, पण पोरगी हट्टी आहे, मन मोडू नका, दहा मिनिटं खेळवा आणि बसवा. तिला काही बोलू नका, खचेल. "आणि तू नी-कॅप घालूनच आली होतीस," त्या म्हणाल्या. "आम्हाला शंका यायचं कारणच नव्हतं."

एका कपासाठी, सर. जिल्ह्याच्या एका कपासाठी तुम्ही मला चांगली धडधाकट असताना लंगडी ठरवलंत, आणि वर दम नाही म्हणून चारचौघींत हिणवलंत. खोटं त्यांना सांगितलंत ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण मला जे सांगितलंत ते मी खरं मानून वर्षानुवर्षं जगले. त्याला माफी नाही. तुम्हाला तोंडावर विचारायला मी दिवाळीत येणार होते. वाक्यं पाठ केली होती. तुम्ही दसऱ्याआधीच गेलात. नेहमीसारखी शिट्टी तुमच्याच हातात.

त्यानंतर जिथे जिथे माझा सत्कार झाला तिथे कुणीतरी उठून सांगतंच, "सरायनं तो टोमणा मारला म्हणून पोट्टी एवढी मोठी झाली." मी शाल घेते, हसते आणि दात आवळते. मी पायानं मोठी झाले, टोमण्यानं नाही. पुढे एका मॅचमध्ये उजवा गुडघा खरोखरच गेला. तेच लिगामेंट. दवाखान्यात मी आईला सगळी हकिगत पहिल्यांदा सांगितली. ती म्हणाली, "काळ्या जिभेचा निघाला वं तो माणूस." तुम्हाला देवमाणूस म्हणणं तिनं त्या दिवसापासून सोडलं. ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखी धाव आली नाही. मग मी कोचिंगच्या परीक्षा दिल्या आणि इकडे परत आले.

तर तुमची नात. ती रांगेत उभी राहिली आणि माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. उजव्या गुडघ्यावर नी-कॅप. कोरी. तुमचा मुलगा, तिचा बाप, मैदानाच्या दोरीपलीकडे उभा होता. आता तोच तुमच्या शाळेत खेळ शिकवतो. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, पोरीच्या गुडघ्याचं जरा नाजूक हाय. हट्टी हाय, ऐकत नाई. थोडं खेळवा आन् बसवा. तिले काही बोलू नका."

 शब्द न् शब्द तेच, सर! बापाचं शेत मुलाला मिळतं, तसं हे त्याला मिळालं. आणि बिचाऱ्यानं ते वापरलं कुणावर, तर माझ्यावर. तुम्ही त्याला युक्ती शिकवलीत, पण कुणावर केली होती ते सांगायचं राहिलं.

मी विचारलं, "दादा, यंदा शाळेची फायनल कधी हाय?"

"शिबिराच्याच हप्त्यात," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे सांगायला नको होतं.

"तुमच्या शाळेत गुडघे बरोबर फायनललेच दुखतेत," मी म्हटलं. 

मी पोरीला हाक मारली. "काढ ते गुडघ्यावरचं."

"बाबांनी घालाले सांगितलं."

"दुखते का?"

"नाई मॅडम. काहीच नाई होत." तेव्हा मीही अगदी असंच म्हटलं होतं. फरक एवढाच की आज समोर ऐकणारी मी होते. तिला खाली बसून उठायला लावलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या, मग दिवसभर खेळवलं. पोरगी चांगली आहे. डाव्या पायानं बॉल थांबवून मान न वळवता पास देते. तिच्या तोडीची दुसरी तिथे नव्हती. संध्याकाळी सगळ्यांसमोर मी तिचं नाव सर्वात आधी घेतलं. ती नाचली. तुमचा मुलगा मात्र नी-कॅप खिशात कोंबून फाटकाबाहेर गेला.

ती शिबिराला गेली आणि तुमची शाळा फायनल हरली. मी मुद्दाम अकोल्याला गेले होते बघायला. पहिल्या रांगेत बसले आणि अकोटच्या पोरींनी गोल केला तेव्हा उभी राहून टाळ्या वाजवल्या. गुडघा ठणकत होता, तरी उभी राहिले. तुमच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. पाहू दे.

हे पत्र टाकणार तरी कुठे? तुमच्या घराच्या पत्त्यावर टाकलं तर तुमच्या नातीच्या हाती पडेल, आणि ते मला नको आहे. तिला आजोबा चांगले आठवतात. ट्रायलच्या दिवशी तिनंच सांगितलं, मान न वळवता पास द्यायला आजोबांनी अंगणात शिकवलं. मलाही तुम्हीच शिकवला होता, हे मी तिला सांगितलं नाही. ती खाली बसून उठत होती ना, तेव्हा तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती ठीक आहे हे तिच्या चालीवरूनच मला कळलं होतं. तरी मी तिला पुन्हा बस म्हटलं, पुन्हा उठ म्हटलं, आणि मला मनापासून वाटत होतं की तिचा गुडघा दुखावा. थोडा तरी. ती हसत हसत उठली आणि म्हणाली, "आणखी करू का मॅडम?"