मागच्या वल्ह्यावर मी

४ मे
जाळायची म्हणे! ल्यूबोची बोट जाळायची!

फ्राने दुपारी जेवायला आला आणि घास चावता चावता सांगून मोकळा झाला. डिसेंबरात संत निकोलाच्या दिवशी दरवर्षी चर्चपुढे एक जुनी बोट पेटवतात. यंदा आपली देऊ, असा त्याने पाद्रीबाबांना शब्द दिलाय. आपली? माझ्या नवऱ्याची! फ्राने माझा दीर, मान्य, पण बोटीचा मालक नव्हे. "वहिनी, लाकूड कुजलंय. मान मिळतोय तर घे," म्हणाला. मी त्याच्यापुढचं ताट उचललं. अर्धी मासळी तशीच होती त्यात.

९ मे
शाळेत शिकवणारी विंका येऊन गेली. बेटावरच्या आजाऱ्यांना इस्पितळात न्यायला रुग्णबोट घ्यायचीय. त्यासाठी सप्टेंबरात वल्हवत थेट पलीकडच्या किनाऱ्यावर, स्प्लिट शहरापर्यंत जायचं, लोक देणग्या देतील. इंजिन नाही, शीड नाही. ती फक्त बोट मागायला आली होती. म्हटलं, बोट देईन, पण मागच्या वल्ह्यावर मी. तिने वय विचारलं. एकसष्ट. तिने वहीत माझं नाव लिहून घेतलं.

इस्पितळात नेताना ल्यूबो मासळीच्या खोक्यांमध्ये आडवा पडूनच वारला, स्प्लिटच्या अर्ध्या वाटेत. रुग्णबोट कशाला हवी, हे मला कोणी शिकवू नये.

२ जून
दोन फळ्या बदलल्या. डांबर लावलं. हात काळे, केस काळे. धक्क्यावरचे म्हातारे म्हणाले, बरं करतेस, डांबराने छान पेटेल! मी पण हसले. पाठ फिरवून.

१५ जून
विंका बसून वल्हवते, पाठ पुढे करून. आमच्याकडे उभं राहून, समोर बघत वल्हं ढकलतात — कुठे चाललोय ते दिसायला नको? उभी केली तिला. दोनदा आपटली, रडली. मी फार लागेल असं बोलले. नको होतं बोलायला. पण पोरगी उठली.

८ जुलै
खांदा गेला कामातून. सुट्टी नाही.

२३ जुलै
आज प्रथमच खाडीबाहेर. वारा पडलेला. दोघी एका लयीत वल्हं ढकलत होतो. मग लक्षात आलं — ल्यूबो गेल्यापासून मी दात आवळून जगतेय, आणि आत्ता जबडा सैल सुटलाय! पाणी सल्ले देत नाही. आता सावर, असं म्हणत नाही. इतकं शांत मला घरात कधी वाटलं नाही. परत वळायचं जिवावर आलं.

धक्क्यावर फ्रानेचं तोंड दिसलं आणि राग जागच्या जागी!

३० ऑगस्ट
देणग्या जमवणाऱ्या स्प्लिटच्या मंडळींनी निघायचा दिवस छापलाय — शुक्रवार! शुक्रवारी इथे कोणी प्रवासाचा दोर सोडत नाही, अपशकुन मानतात. पत्रकं भिंतींवर लागल्यावर कळलं. आमच्याबरोबर येणार होत्या त्या दोन बोटींनी नावं मागे घेतली. विंका रडकुंडीला आली. मी तिला म्हटलं, आपण जातोय.

फ्राने दारात आला. "भाऊ गेलाय माझा. शुक्रवारी तुला जाऊ देणार नाही."

"जाणार."

"मग मी डिसेंबरची वाट बघत नाही. आधीच पेटवतो ती बोट."

दार लावून घेतलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
पाव, खारवलेली मासळी, पाणी बांधलं. संध्याकाळी धक्क्यावर गेले तर बोट नाही! जागा रिकामी! पेटवली त्याने, दुसरं काय! धावत सुटले, एक चप्पल वाटेतच राहिली.

बोट धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला. फ्राने दोर बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "गुरुवारीच निघाली ती. आता नुसती थांबलीय. उद्या पुढे जा."

मी जवळ गेले. त्याला चांगली सणसणीत शिवी द्यायची होती. त्याऐवजी दोराचं दुसरं टोक धरलं.

२२ सप्टेंबर
पोचलो! हातात पेन धरवत नव्हतं, म्हणून काल लिहिलं नाही.

फळ्यांतून पाणी येत होतं. एकीने उपसायचं, दुसरीने वल्हवायचं. ल्यूबो गेला त्या जागी विंकाने हळूच विचारलं, थांबायचं का? नाही म्हटलं. तो तिथेच राहिला होता, मला त्याला पलीकडे न्यायचं होतं. खूप रडले, वल्हं चालूच. मग समुद्र नुसता समुद्र झाला. आता मला त्याची भीती नाही, रागही नाही.

विंका म्हणते, रुग्णबोट नक्की येणार.

६ डिसेंबर
बोट जाळायला दिली. फ्रानेने नाही, मी दिली.

जळलेल्या बोटीची राख नव्या बोटीच्या तळात घालतात. पाद्रीबाबांना बजावून सांगितलंय, ही रुग्णबोटीत जाईल. ती प्लास्टिकची असली म्हणून काय झालं! काडी मीच ओढली.