बायकोचा विरोधक

३ फेब्रुवारी

विधेयक आलं! सकाळपासून घरात दुसरा विषय नाही. सरकारी पैशावर डल्ला मारणाऱ्यांसाठी नवा कायदा — पेन्शन, अनुदानं, दवाखान्यांची कंत्राटं, सगळं त्यात. आणि विरोधी पक्षातर्फे कलम न् कलम तपासायचं काम आमच्या घरी आलंय. म्हणजे बायकोकडे. ती सभागृहात विरोधी बाकांवर बसते, मी घराखालच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांना सुया टोचतो. मुलगी कॉलेजात सगळ्यांना सांगत फिरते — आई माणसांना चावते आणि बाबा चावणाऱ्यांना इंजेक्शनं देतात.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले. आम्ही तिघं ओट्याशी उभ्यानं जेवलो.

‘वाटल्यास!’ ती एकदम ओरडली. ‘अधिकाऱ्याला वाटल्यास तो खात्यातून पैसे परस्पर कापून घेणार. कोर्ट नाही, सुनावणी नाही. साहेबांना वाटलं, झालं!’

मी म्हटलं, ‘छान मुद्दा आहे.’

विधेयक मांडणारा मंत्री म्हणजे ‘कडक इस्त्री’. नाव तिनंच ठेवलंय. त्या माणसाच्या शर्टाला सुरकुती पडलेली कुणी पाहिली नाही म्हणे.

९ फेब्रुवारी

समितीची पहिली बैठक. दोन्ही पक्षांचे लोक एका खोलीत बसून विधेयक शब्दाशब्दानं चाळणार. ती खुशीत घरी आली. ‘कडक इस्त्रीला आज चांगलाच घाम फोडला!’ पर्स फेकली, चहा मागितला, सगळी हकीगत साग्रसंगीत करून दाखवली. मी हसून हसून बेजार. असे दिवस मला फार आवडतात. तिच्या प्रत्येक भाषणाचा पहिला श्रोता मीच.

१६ फेब्रुवारी

‘मंत्र्याला विषय कळतो रे. तयारीनं येतो.’

हकीगत दोन वाक्यांत संपली. मी चहा करून बसलो होतो.

१७ फेब्रुवारी

इस्त्री गेली, मंत्री आला. — काय पोरकटपणा! काहीतरी दुसरं लिहावं.

२४ फेब्रुवारी

दुपारी बॉक्सर कुत्र्याची मालकीण आली होती. ‘डॉक्टर, काल वहिनी टीव्हीवर किती छान हसत होत्या हो! शेजारी ते मंत्रीच ना?’ मी कुत्र्याची नखं कापत होतो. एक जास्तच आत कापलं गेलं. केवढ्यानं केकाटलं बिचारं! कित्येक वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

मग फोनवर ते दृश्य शोधून पाहिलं. समितीच्या खोलीबाहेरचा लांब बोळ, पाण्याचं मशीन, हातात कागदी पेले घेतलेले दोघं. ती मान मागे टाकून हसतेय. हे हसू मला ठाऊक आहे. लग्नाआधी ती माझ्या विनोदांना असंच हसायची.

संध्याकाळी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘कशावर हसत होतात एवढं?’

‘उपकलमावर.’

‘उपकलमावर कुणी हसतं का?’

‘अरे, छापताना शब्दांची उलटापालट झालीय. लिहायचं होतं, फसवणूक करणाऱ्या व्यक्तींची चौकशी प्राधिकृत अधिकारी करतील. छापलंय — फसवणूक करणारे प्राधिकृत अधिकारी चौकशी करतील! मंत्र्यांनीच दाखवलं मला. म्हणाले, बाई, छापखाना तुमच्या पक्षाचा दिसतोय.’

विनोद बरा होता. तेच तर झोंबतंय.

२ मार्च

‘ते म्हणाले, नोटिशीची मुदत वाढवायला माझी हरकत नाही.’ ‘त्यांचं म्हणणं, आधी बँकांशी बोलावं.’ ‘त्यांना जुनी प्रकरणं सगळी तोंडपाठ आहेत.’

ते! त्यांना! मी तिच्या तोंडी जन्मभर ‘हा’. हा असा, हा तसा, ह्याला सांगून काही उपयोग नाही. आणि शत्रुपक्षाचा माणूस महिन्याभरात ‘ते’!

कुणाला सांगायची सोय नाही. मेव्हण्याकडे नुसता विषय काढला तर म्हणाला, ‘ताई असल्या भानगडीतली नाही, दाजी. तिला वेळ कुठाय?’ हे काय सांत्वन झालं?

५ मार्च

आज दवाखाना बंद ठेवून सभागृहात गेलो. तिला न सांगता. प्रेक्षकांच्या गॅलरीत, खांबाच्या बाजूला. पँटला मांजराचे केस, शेजारची बाई अंग चोरून बसलेली.

ती बोलायला उठली. तिच्या मतदारसंघातल्या एका म्हातारीची गोष्ट सांगितली. मुलगा घर सोडून गेल्याचं कार्यालयाला कळवायचं राहून गेलं, त्याच्या नावानं मिळणारा भत्ता तसाच येत राहिला. या कायद्यानं ती गुन्हेगार. ‘चूक आणि चोरी यांतला फरक या विधेयकाला कळत नाही!’ बाकं दणाणली. टाळ्या वाजवायला हात उचलले तर शिपायानं डोळे वटारले.

मग तिनं खरा घाव घातला. ‘म्हातारीचं खातं उघडायचा अधिकार आहे. मग मंत्र्यांची कार्यालयं या कायद्यातून का वगळली? लाखाची चोरी ती चोरी, आणि कोटींची चोरी ते धोरण?’ मंत्र्याच्या पक्षाचे लोक आरडाओरडा करू लागले. तो नाही ओरडला. पाणी प्यायला. उठून एवढंच म्हणाला, ‘सन्माननीय सदस्यांचा प्रश्न रास्त आहे. मी विचार करीन.’ त्याचेच लोक वळून त्याच्याकडे बघायला लागले.

पण मी आणखी एक पाहिलं. पूर्वी घरी भाषणाची तयारी करताना एखादं वाक्य जमलं की ती माझ्याकडे बघायची. बसलं का, म्हणून. आज वाक्य जमलं की ती त्याच्याकडे बघत होती.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. ‘तुझं काही आहे का त्याच्याशी?’

आधी ती हसली. मग तिला कळलं, मी गमतीत विचारत नाहीये.

‘तू गॅलरीत येऊन बसलास? माझ्यावर पाळत?’

‘उत्तर दे.’

‘काही नाहीये! पण तो माणूस माझं म्हणणं खोडून काढतो. त्यासाठी रात्रंदिवस अभ्यास करतो. तू कधी खोडलंस? बावीस वर्षं नुसतं छान, छान! भाषण छान, पडदे छान. उद्या राजीनामा देते म्हटलं तरी म्हणशील छान!’

दार आपटलं. तिचं की माझं, आता आठवत नाही.

६ मार्च

अबोला. मुलगी मधली निरोप्या. ‘बाबा, आई विचारतेय गाडीची किल्ली कुठाय.’ आई माझ्यापासून दोन हातांवर उभी!

७ मार्च

काही नाही असं ती म्हणाली, ते मला पटलंय. पटूनही जळणं कमी होत नाही, उलट वाढलंय. दुसरं काही असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. तो तिला विरोधक म्हणून जितका ओळखतो, तितका मी नवरा म्हणून ओळखतो का?

११ मार्च

विधेयक वाचलं. अख्खं! दवाखान्यात बसून, पेशंटच्या अधेमधे. एकेका वाक्याला दहा शेपट्या. दोनदा डुलकी लागली. पण तिनं सुचवलेल्या दुरुस्त्या मात्र हातात लाल पेन घेऊन वाचल्या. आणि एका जागी थांबलो. परत वाचलं.

सापडलं काहीतरी!

१२ मार्च

जेवताना — आज टेबल रिकामं होतं — म्हटलं, ‘तुझी नोटिशीची दुरुस्ती फसणार.’

तिचा घास हातातच. आठवडाभरातलं माझं पहिलं वाक्य.

‘का?’

‘पैसे कापायच्या आधी महिनाभराची नोटीस द्या म्हणतेस. म्हातारीला ठीक आहे. पण कंत्राटदार? नोटीस हातात पडली की संध्याकाळपर्यंत खातं साफ करेल. महिन्यानं तुम्ही काय कापणार? त्याचं पासबुक?’

ती भांडायलाच लागली. कंत्राटदाराला वेगळं कलम आहे, अमुक आहे, तमुक आहे. मी हटलो नाही. तिचे डोळे चमकायला लागले. ताट बाजूला सारून पुढे झुकली. वा! मी मनात म्हटलं, आता आलीस!

मग म्हणाली, ‘हेच त्यांनीही विचारलं होतं. मंगळवारी.’

तोंडात मारल्यासारखं झालं. एवढं वाचलं, एवढा जीव काढला, तर तिथंही तो आधी पोचलेला!

मी उठायला लागलो. तिनं मनगट धरलं. ‘बस. उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. तुझ्याकडे आहे?’

‘आहे,’ म्हटलं. रागातच सांगितलं. ‘कुत्रं पिसाळलंय असा संशय आला तर आम्ही त्याला बांधून ठेवतो. दहा दिवस नुसतं लक्ष ठेवतो. मोकळं सोडत नाही, पण गोळीही घालत नाही. तुमचं खातंसुद्धा बांधून ठेवा. पोटापुरते पैसे काढता येतील, बाकी हलवता येणार नाहीत. कापायचं की नाही ते कोर्ट ठरवेल.’

ती उठून कोरा कागद घेऊन आली. मग मुलीला म्हणाली, ‘पेन आण.’

मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आता तुम्ही दोघं बोलताय ना? मला सुट्टी?’

१८ मार्च

आज मतदान. फोनवर लावून दवाखान्यात ऐकत होतो. सशाला घेऊन आलेली एक बाई होती, तिलाही ऐकावं लागलं.

कुत्र्याचा दाखला तिनं जसाच्या तसा दिला. सभागृह हसलं. मंत्री उठला — ‘ही उपमा सन्माननीय सदस्यांची वाटत नाही.’ ती म्हणाली, ‘नाही. आमच्या घरच्या डॉक्टरांची आहे.’ तो म्हणाला, ‘मग डॉक्टरांना सरकारतर्फे धन्यवाद. दुरुस्ती मान्य.’

मान्य!! मी सशाच्या पाठीवर थाप मारली. बाई घाबरली.

मंत्र्यांची कार्यालयंही कायद्यात आणायची तिची दुरुस्ती मात्र पडली. सरकारी बाजूनं पक्षादेश काढला होता. मोजणीच्या आधी मंत्री एकटाच उठून बाहेर गेला, मत न देता. आपल्याच विधेयकावर!

ती आली ती मोडूनच. ‘हरलो रे मोठ्या कलमावर.’ मी छान म्हटलं नाही. ‘पुढच्या अधिवेशनात परत आण. आणि ते धोरणाचं वाक्य काढ, टाळ्या मिळतात पण मतं नाही मिळत,’ म्हटलं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. ‘बरोबर आहे,’ म्हणाली. एवढं गोड ‘बरोबर’ मी आजवर ऐकलं नव्हतं.

२३ मार्च

मंत्र्यानं राजीनामा दिला. पत्रकारांना म्हणाला, जो कायदा मला लागू नाही तो मी दुसऱ्याला लावू शकत नाही.

ती टीव्हीसमोर उभीच. डोळ्यांत पाणी. मी विचारलं, ‘तुझ्यासाठी दिला?’ ती म्हणाली, ‘कलमासाठी.’ आता मी कशावर राजीनामा देऊ? दवाखान्याचा देऊ? परत सगळं ढवळून निघालं. त्यातून हा माणूस खरंच चांगला निघाला, म्हणजे आता मनात शिव्याही घालता येत नाहीत.

२७ मार्च

तिच्या पक्षाचे गटनेते तब्येतीमुळे पद सोडतायत. पुढची हीच, हे सगळे धरून चाललेत. पक्षातून सकाळपासून अभिनंदनाचे फोन. ती म्हणते, ‘अजून ठरलं नाहीये, ठरलं नाहीये,’ आणि गुणगुणत आरशासमोर उभी राहते. बघून बरं वाटलं. हे तरी सगळं तिचं आणि आपल्या घरचं.

२ एप्रिल

माजी मंत्री काल तिच्या पक्षात आला. आज गटनेता झाला. एकमतानं — हात तिलाही वर करावा लागला. दुपारी ती वर घरी न जाता सरळ दवाखान्यात आली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. मांजराची पेटी घेऊन बसलेला माणूस मुकाट्यानं बाजूला सरकला. ‘माझेच मुद्दे, माझीच वाक्यं,’ ती म्हणाली, ‘आणि टाळ्या त्या माणसाला! वाईट नाहीये रे तो. म्हणून जास्त जळतंय. तुला नाही कळायचं.’

मी हातमोजे काढले आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.